शर्यतीला नाव देताना

बडोद्यात रेसकोर्स सर्कल आहे, रेसकोर्स रोड आहे, पण रेस नाही. टर्फ क्लब नाही, पैसे लावायची टोटची खिडकी नाही, पहाटे ट्रॅकवर घोडे काढणारे सईस नाहीत. मुंबई-पुणे, बंगळूर, म्हैसूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, दिल्ली अशा मोजक्या ठिकाणी घोड्यांच्या शर्यती होतात, त्यांत गुजरातमधलं एकही गाव नाही. त्यामुळे मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे मालक मला बोलावून घेऊन म्हणाले, "ताई, आईच्या नावानं पुण्याला एक रेस स्पॉन्सर करायची आहे, तुम्ही पेपरात रेसचंच लिहायचात ना?" तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्यांना सगळे दादासाहेब म्हणतात, मीही तेच म्हणते.

मुंबईच्या एका मराठी दैनिकात मी क्रीडाविभागात होते आणि रेसचं वार्तांकन बरीच वर्षं माझ्याकडे होतं. महालक्ष्मी रेसकोर्सवर प्रेस बॉक्समध्ये बसून मी स्पॉन्सर नावाच्या माणसाला नेहमी लांबून पाहिलं होतं. शर्यत संपली की सूट घातलेला किंवा पैठणी नेसलेली कुणीतरी पॅडॉकजवळ, म्हणजे घोडे फिरवून दाखवायच्या आवाराजवळ, येऊन कप देई, फोटो निघे, आणि आम्ही तोवर पुढच्या शर्यतीच्या कार्डात डोकं घातलेलं असे. आता मला त्या कप देणाऱ्यांच्या बाजूने सगळं करायचं होतं. दोन्ही बाजू बघायला मिळाल्या म्हणूनच हे लिहावंसं वाटलं.

दादासाहेबांच्या आईंचं माहेर राजवाड्याच्या नोकरीतलं. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहरावांच्या घोड्यांच्या गोष्टी त्यांनी लहानपणी ऐकल्या होत्या आणि मुलांना सांगितल्या होत्या. दादासाहेबांना त्या गोष्टी पाठ होत्या, पण त्या कितपत खऱ्या हे माहीत नव्हतं. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला तेच विचारलं. मी सांगितलं, बहुतेक खऱ्याच आहेत. इंडियन डर्बी ही आपल्याकडची सर्वांत मानाची शर्यत पहिल्यांदा धावली ती १९४३ साली, तेव्हा तिचं नाव कंट्री ब्रेड डर्बी होतं, आणि ती पहिली डर्बी जिंकणारी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही घोडी बडोद्याच्या महाराजांची होती. तिच्यावर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. महाराजांनी नंतर इंग्लंडमध्ये एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, म्हणजे २९,४०० पौंड झाले. एक वर्षाच्या शिंगराला तिकडच्या लिलावात तोवर एवढी किंमत कुणी दिली नव्हती. १९४५ची इंग्लिश डर्बी जिंकणाऱ्या डान्टेचा हा सख्खा भाऊ. त्याचं नाव ठेवलं 'सयाजीराव', आणि त्या घोड्याने १९४७ साली आयरिश डर्बी आणि सेंट लेजर दोन्ही जिंकल्या. पुढच्या वर्षी महाराजांच्याच 'माय बाबू'ने टू थाउजंड गिनीज ही इंग्लंडमधली मोठी शर्यत मारली.

नातवाने आजोबांचं, सयाजीराव महाराजांचं, नाव घोड्याला दिलं याचं बडोद्यात आजही काही जणांना वाईट वाटतं. मला ते तसं वाटत नाही. सयाजीरावांनी या शहराला शाळा, ग्रंथालय, विद्यापीठाचा पाया दिला. त्यांच्या घोड्यावरच्या पुतळ्याच्या चौकाला आपण काळा घोडाच म्हणतो. त्यांच्या नावाचा घोडा इंग्लंडच्या सर्वांत जुन्या क्लासिकमध्ये (क्लासिक म्हणजे सर्वांत मानाच्या मोजक्या शर्यती), १७७६ पासून धावणाऱ्या सेंट लेजरमध्ये, सगळ्यांच्या पुढे आला, ते ऐन १९४७ साली. महाराजांच्या उधळपट्टीबद्दल जे बोललं जातं ते बोलावंच, त्यांची गादीही पुढे गेलीच. पण घोडा प्रामाणिकपणे धावला होता. शेजारच्या राजपिपळ्याच्या महाराजांचा 'विंडसर लॅड' तर १९३४ची एप्समला धावलेली इंग्लिश डर्बी जिंकला. म्हणजे इथून दीड-दोन तासांच्या टापूत दोन संस्थानं अशी होती की ज्यांची नावं इंग्लंडच्या तबेल्यांत रोज घेतली जात. आज त्या टापूत एकाही मराठी किंवा गुजराती पेपरात रेसचा निकाल येत नाही.

अडचण आली ती घरातूनच. दादासाहेबांचे धाकटे बंधू हिशेब पाहतात. ते म्हणाले, "आईचं नाव जुगाराला द्यायचं? लोक काय म्हणतील, मुलं रेसच्या नादी लागली?" त्यांचा राग मला समजत होता. मराठी घरात रेस या शब्दाबरोबर गहाण टाकलेले दागिने आणि उशिरा घरी येणारा माणूस आठवतो, आणि तशी घरं मी मुंबईत पाहिली आहेत. ते नाकारण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना एवढंच सांगितलं की पैसे कुठे जातात ते आधी बघा. शर्यतीवर लागणारा पैसा वेगळा आणि शर्यतीला मिळणारं बक्षीस वेगळं. स्पॉन्सरची रक्कम बक्षिसाच्या रकमेत जाते. त्यातून मालकाला मिळतं, ट्रेनर आणि जॉकीचा वाटा निघतो, आणि त्याच पैशावर तबेला चालतो, म्हणजे दाणा, गवत, नालबंद, डॉक्टर, आणि घोड्याशेजारी झोपणारा सईस.

कायद्याचंही विचारलं गेलं. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. पण करात त्याचा उपयोग झाला नाही. जीएसटी आला तेव्हा रेसवरच्या बेटला २८ टक्क्यांच्या सर्वांत वरच्या पट्टीत टाकलं, आणि कर क्लबला मिळणाऱ्या कमिशनवर लावायचा की लावलेल्या पूर्ण रकमेवर, यावरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले. शेवटी पूर्ण रकमेवरच आला, आणि २०२५च्या सप्टेंबरपासून तो ४० टक्के झाला आहे. खिडकीवर कर भरून तिकीट घेण्यापेक्षा बाहेरच्या बेकायदा बुकीकडे जाणं स्वस्त पडतं. क्लबच्या हाती कमी येतं, बक्षिसं आखडतात, छोटे मालक घोडे विकून टाकतात. माझ्या डोळ्यांदेखत असे कितीतरी तबेले रिकामे झाले. म्हणून स्पॉन्सरचा पैसा आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाचा आहे, आणि तो कुणी चांगल्या मनाने देत असेल तर त्याला मदत करणं मी माझं काम समजते.

धाकटे बंधू गप्प बसले. पटलं असं म्हणाले नाहीत.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. पुण्याचा मोसम पावसाळ्यात असतो, मुंबईचा हिवाळ्यात. मोसमाआधी शर्यती भरवणारा क्लब प्रॉस्पेक्टस काढतो, म्हणजे कुठल्या दिवशी कुठली शर्यत, किती अंतराची, कुठल्या वर्गाची, बक्षीस किती, हे सगळं त्यात छापलेलं असतं. लवकर ठरवलं तर तुमचं नाव प्रॉस्पेक्टसमध्ये येतं, उशीर झाला तर नुसतं रेस कार्डात. रविवार महाग, इतर दिवस त्यामानाने स्वस्त. वरच्या वर्गाच्या घोड्यांची शर्यत महाग, खालच्या वर्गाची स्वस्त. दादासाहेबांना साहजिकच मोठी हवी होती. मी त्यांना मधल्या वर्गाची, रेटिंग ४० ते ६६ची, १४०० मीटरची हँडिकॅप घ्या म्हटलं.

हे असं का, ते मला मास्तरांनी शिकवलेलं. मास्तर म्हणजे आमच्या पेपरचे जुने रेस वार्ताहर, सगळं रेसकोर्स त्यांना मास्तरच म्हणायचं. मी नवीन असताना संपादकांना माझ्याकडून फक्त टिपा हव्या होत्या, 'आजचे संभाव्य विजेते' आणि खाली नंबर. मास्तर म्हणाले, "टिप कोणीही देतो गं. तू घोडा वाच." आणि त्यांनी मला हँडिकॅप समजावला. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग असतं, रेटिंगवरून वजन ठरतं. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त किलो, कमकुवत घोड्याच्या पाठीवर कमी. उद्देश असा की कागदावर सगळे एकदम शेवटच्या खांबावर यावेत. क्लासिकमध्ये सगळ्यांत उत्तम घोडा कळतो. हँडिकॅपमध्ये प्रत्येकाला संधी असते, आणि ज्याचा एकच घोडा आहे असा मालकही कप घेऊन घरी जाऊ शकतो. दादासाहेबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग आईला हीच आवडली असती."

मास्तरांची आणखी एक सवय मी उचलली. ते पहाटे ट्रॅकवर्क बघायला जायचे. पुण्याला पावसाळ्यात सहाच्या सुमारास धुकं असतं, घोडा दिसायच्या आधी नाकपुड्यांतून येणारा श्वास ऐकू येतो, मग खुरांचा आवाज, मग एकदम तो समोरून निघून जातो. हातातलं घड्याळ दाबायचं ते खांबाशी. पेपरात ते '१०००/१-६, ६००/३९, मोकळा धावला' असं एका ओळीत छापून येतं. म्हणजे हजार मीटर एक मिनिट सहा सेकंदांत, त्यातले शेवटचे सहाशे एकोणचाळीस सेकंदांत, आणि जॉकीने जोर लावला नाही. मास्तर त्या आकड्याशेजारी पेन्सिलीने लिहीत: कान पुढे, तोंडाला फेस नाही, परत येताना चाल सरळ. मला तेव्हा कळलं की आकडा सगळ्यांना मिळतो, बातमी त्या पेन्सिलीच्या ओळीत असते. मराठी पेपरांनी क्रिकेटचा एकेक चेंडू वर्णन करून छापला आणि रेसचे नुसते नंबर छापले, त्यामुळे आपल्या वाचकाला घोडा कधी दिसलाच नाही, फक्त बुकी दिसला. याचं मला आजही फार दुःख आहे.

आता नावाचं. कारखान्याच्या मार्केटिंगच्या मुलाने कागद पाठवला, त्यात कंपनीचं पूर्ण नाव, तिच्या मुख्य मालाचं नाव, त्याचं घोषवाक्य, आणि शेवटी आईंचं नाव होतं. कार्डाच्या एका ओळीत ते मावलंच नसतं. मी त्याला समजावलं की शर्यतीचं नाव जाहिरात म्हणून जेवढं लांब तेवढं ते पेपरात आखूड होतं. उपसंपादकाकडे जागा नसते, तो आधी स्पॉन्सर कापतो. इंग्लंडमध्ये कंपन्यांनी शर्यतींना नावं द्यायची सुरुवात १९५७ साली व्हिटब्रेड या बिअरवाल्यांनी केली. एप्समच्या डर्बीने मात्र १९८४पर्यंत कुणाला दारात घेतलं नाही. मग एव्हररेडी आली, नंतर व्होडाफोन, इन्व्हेस्टेक, काझू, बेटफ्रेड. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न कपाने १९८५ साली फॉस्टर्स बिअरला जागा दिली. आपल्याकडे इंडियन डर्बी ऐंशीच्या दशकापासून अनेक वर्षं मॅकडॉवेलच्या नावाने ओळखली गेली, हल्ली विल्लू पूनावालांच्या नावाने होते. कंपन्या येतात आणि जातात, लोक बोलताना डर्बीच म्हणतात. डर्बी हे तरी कुणाचं नाव, लॉर्ड डर्बींचंच. १७८० साली यजमानाचं नाव शर्यतीला पडलं ते अडीचशे वर्षं टिकलं, कारण ते माणसाचं नाव होतं आणि एका शब्दाचं होतं.

ते ऐकून दादासाहेबांनी पेन घेतलं आणि कंपनीचं नाव, माल, घोषवाक्य सगळं खोडलं. आईंचं नाव आणि पुढे 'ट्रॉफी' एवढंच ठेवलं. कंपनीचं नाव पॅडॉकच्या फलकावर आणि रेस बुकातल्या जाहिरातीच्या पानावर गेलं. ते योग्यच होतं, पैसे कंपनीचे होते.

कप बडोद्यातल्या घडियाळी पोळेतल्या एका कारागिराकडून करून घेतला. त्याने आयुष्यात देव केले होते, ताम्हनं केली होती, घोडा कधी केला नव्हता. पहिल्यांदा त्याने जो घोडा काढला तो वरातीतला निघाला: मान कमानीसारखी, पुढचा पाय उचललेला, कपाळावर तुरा. मी त्याला मोबाइलवर शर्यतीचे फोटो दाखवले. धावणाऱ्या थरोब्रेडची, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याची, मान लांब पुढे गेलेली असते, पाठ जवळजवळ सपाट असते, आणि एक क्षण असा येतो की चारी पाय पोटाखाली जमिनीपासून सुटलेले असतात. तो कितीतरी वेळ फोटो बघत राहिला. "बेन, आ तो उडे छे," म्हणाला, म्हणजे हा तर उडतोय, आणि पुन्हा पहिल्यापासून बसला. त्याने केलेला दुसरा घोडा बोटाएवढा होता, पण मानेची शीर त्याने काढली होती. खाली आईंचं नाव देवनागरीत. कंपनीचं चिन्ह कपाच्या बुडाशी, आत. ट्रेनर आणि जॉकीसाठी छोट्या वाट्या केल्या. गोधडीत गुंडाळून आम्ही ते सगळं रेल्वेने पुण्याला नेलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी प्रेस नोट लिहायला घेतली. इतकी वर्षं माझ्या टेबलावर स्पॉन्सरांच्या प्रेस नोट येत, त्यांत पहिले दोन परिच्छेद कंपनीच्या वाटचालीवर असत आणि विजेत्या घोड्यासाठी रिकामी जागा सोडलेली असे. मी तसं करणार नव्हते. क्रम मी आधीच ठरवला: घोडा, त्याचे आईवडील, कुठल्या स्टडवर जन्मला, जॉकी, ट्रेनर, मालक, सईस, शर्यत कशी झाली, आणि मग शेवटी कप कोणाच्या नावाचा आणि का. त्याबरोबर बडोद्याच्या घोड्यांवर एक पान जोडलं. दादासाहेबांनी वाचून मान हलवली.

रविवारी पाऊस थांबला होता, पण ट्रॅक मऊ होता. ट्रॅकचा मऊपणा मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा लागल्यावर प्रेसमधल्या जुन्या मंडळींनी आपापली निवड बदलली. मी त्यांच्यात जाऊन बसावं असं फार वाटत होतं, पण गळ्यात पास स्पॉन्सरचा होता, म्हणून पाहुण्यांच्या बाजूला थांबले. पॅडॉकमध्ये घोडे फिरायला लागले तसे दादासाहेब कठड्याला टेकून बघत राहिले. एक बे, म्हणजे तांबूस तपकिरी, घोडी घामेजली होती, तिचा सईस चालता चालता तिच्याशी काहीतरी बोलत होता आणि मधेच फडक्याने तिची मान टिपत होता. दादासाहेबांनी विचारलं, "हा तिच्याशी रोज असं बोलत असेल?" म्हटलं, रोज. मालक महिन्यातून एकदा येतो, ट्रेनरकडे असे कितीतरी घोडे असतात. घोडं आजारी आहे हे पहिल्यांदा कळतं ते याला.

दहा घोडे होते. लोकांनी सगळ्यांत जास्त पैसे लावलेल्या फेव्हरिटवर सगळ्यांत जास्त, साठ किलो वजन होतं. गेट उघडल्यावर तो तिसरा-चौथा राहिला, वळणाला बाहेरून आला आणि सरळ रस्त्याला लागल्यावर पुढे निघाला. चारशे मीटर उरले असताना तो जिंकल्यात जमा होता. मग आतल्या रेलिंगकडून तीच घामेजलेली घोडी आली, पाठीवर हलकं वजन, आणि अंतर मिटायला लागलं. शेवटच्या दोनशे मीटरच्या आत फेव्हरिट थकला आणि आत झुकला. घोडीच्या जॉकीला हात आवरून तिला सावरावं लागलं, तिने पुन्हा जोर केला, आणि खांबावर फेव्हरिट एका नेकने, म्हणजे मानेएवढ्या अंतराने, पुढे राहिला. स्टँडमध्ये एकच आरडाओरडा झाला. दादासाहेब आनंदाने माझा हात धरून उभे होते. त्यांना काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

भोंगा वाजला, ऑब्जेक्शन आल्याचं जाहीर झालं, तिकिटं फाडू नका म्हणून माइकवर सांगितलं गेलं. दुसऱ्या क्रमांकाच्या जॉकीने तक्रार केली होती. कप टेबलावर तसाच, मखमलीवर. फेव्हरिटचे मालक येऊन दादासाहेबांशी हात मिळवून गेले होते, तेही थांबले. स्ट्युअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते, दोन्ही जॉकींना आत बोलावलं होतं. बराच वेळ गेला. मग निर्णय आला: ऑब्जेक्शन मान्य, पहिला आणि दुसरा यांची अदलाबदल. घोडी पहिली.

दादासाहेबांनी कप दिला, पण चेहरा उतरलेला. फोटोत ते दिसतं. संध्याकाळी हॉटेलवर धाकट्या बंधूंचा बडोद्याहून फोन आला, त्यांना तोवर कुणीतरी कळवलं होतं. मग दादासाहेब माझ्याकडे आले. "ताई, तुमच्या ओळखीचे लोक आहेत पेपरात. उद्या आईच्या नावाशेजारी हे भांडण छापून यायला नको. निकाल येऊ दे, ऑब्जेक्शनचं गाळायला सांगा. आपण स्पॉन्सर आहोत, एवढं तर ऐकतील."

मला त्यांचं दुखणं दिसत होतं. तरी मी नाही म्हटलं. ऑब्जेक्शन गाळलं तर ज्याने फेव्हरिटचं तिकीट हातात धरलं आहे त्या माणसाला सकाळी पेपर काय सांगणार? घोडी खांबावर मागे होती आणि तरी पहिली आहे, हे तिच्या मालकाला जन्मभर लोकांना समजावत बसावं लागणार. आणि ज्या जॉकीने आपला घोडा सरळ ठेवला नाही, त्याच्यावर पडदा पडला तर पुढच्या वेळी कुणाच्या तरी पायात घोडं येऊन माणूस मरेल. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात असं झाल्यावर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. हे मी त्यांना सांगितलं. आणि सांगितलं की आपण नाव दिलं, कप दिला, बक्षीस दिलं. शर्यतीत काय झालं ते लिहिणं त्या लोकांचं काम आहे, ते आपण विकत घेतलेलं नाही. मी त्या टेबलावर असताना कुणी असा फोन केला असता तर मी ऐकलं नसतं, मग आज मी तो कसा करू?

दादासाहेब काही बोलले नाहीत. मी प्रेस नोट पुरी केली, ऑब्जेक्शन दुसऱ्याच वाक्यात घातलं, आणि त्यांच्या पुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, एके ठिकाणी घोडीच्या सईसाचं नाव चुकलं होतं ते विचारून दुरुस्त करायला लावलं, आणि पाठवा म्हणाले.

सकाळी एका इंग्रजी पेपराने आईंचं नाव पार गाळून नुसता निकाल दिला. एका मराठी पेपराने नावासकट सविस्तर दिलं, ऑब्जेक्शन, स्ट्युअर्डांचा निर्णय, घोडीने शेवटी पुन्हा घेतलेली उसळी, सगळं. ते लिहिणारा मुलगा माझ्यानंतर आलेला, मास्तरांना त्याने पाहिलंही नसेल. पण त्याने लिहिलं होतं की परतताना घोडीचे कान पुढे होते. मला फार बरं वाटलं.

दादासाहेबांनी गाडीत ते कात्रण पुन्हा वाचलं. "मला आवडलं नाही," ते म्हणाले, "पण झालं तसंच होतं." धाकटे बंधू अजून नाराज आहेत आणि पुढच्या वर्षी पैसे द्यायला त्यांनी आधी विरोधच केला. त्यांच्याशी बोलणं दादासाहेबांनीच केलं, मी त्यात पडले नाही.

या मोसमासाठी आम्ही पत्र वेळेत पाठवलं. तेच अंतर, तोच वर्ग, तेच नाव. त्यात दादासाहेबांनी एक कलम स्वतःहून वाढवलं: पॅडॉकमध्ये सगळ्यांत नीट राखलेल्या घोड्याच्या सईसाला वेगळं रोख बक्षीस, शर्यतीचा निकाल काहीही लागो, आणि ते शर्यत सुटायच्या आधी त्याच्या हातात द्यायचं. क्लबकडून होकार आला आहे. कपाचं काम कारागिराने पुन्हा हातात घेतलंय, आणि या वेळी त्याने फोटो मागितले नाहीत.